कारवानी पिल्लाला ससा पकडायला शिकवायचं का?

भाईंदर-चर्चगेट लोकलच्या गर्दीत ज्यांना इअरफोन कानात टिकवता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे'-'म्हणजे' कापलेत आणि दोन ठिकाणी कायद्याची माहिती नीट करून टाकलीय, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी मी घाईत बोललो होतो.

तर आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून आलाय. काशिमिऱ्याचा एक श्रोता आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे काय येणार ते तुम्हाला कळेलच. त्याच्याकडे नऊ महिन्यांचा कारवानी आहे. जत तालुक्यात त्याच्या मामाचं गाव, तिथून दोन महिन्यांचं पिल्लू असताना आणलेला. नाव बाजी. मुलगा पहाटे कामाला जायच्या आधी बाजीला घेऊन चेण्याच्या बाजूला फिरायला जायचा. एके दिवशी रस्त्याकडेच्या गवतातून ससा उठला, पट्टा हातातून सुटला आणि बाजी गेला. शंभरेक पावलांवर ससा अगदी तोंडाशी आला होता. तेवढ्यात सश्याने डावीकडे हुलकावणी दिली, बाजी सरळच गेला, दगडांत कोलमडला, उठला, आणि मग ससाही नाही आणि कुत्राही नाही. दोन तासांनी बाजी लंगडत आला. तळव्याची गादी फाटलेली, जीभ पांढरी पडलेली.

आता व्हॉइस नोटमधला प्रश्न, त्याच्याच शब्दांत नाही पण अर्थ तोच: "दादा, मामा म्हणतो याच्या वयाची कुत्री आमच्याकडे ससे उचलून आणायची, हे भित्रं निघालं. परत पाठव, दुसरं देतो. मला याला परत नाही पाठवायचं. याला ससा पकडायला कसं शिकवू?"

हा प्रश्न मी तीन-चार वेळा ऐकला. वरवर शिकारीचा प्रश्न आहे, पण त्या पोराला खरं विचारायचंय ते हे, की माझा कुत्रा बिनकामाचा आहे का.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे बोलता येईल. भावा, ससा पकडायला शिकवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि आपला रानससा त्याखाली संरक्षित आहे. त्या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकारणं, कुत्रा मागे सोडून पळवणं, सगळं त्या एका शब्दात बसतं. आणि नुसता प्रयत्न केला तरी तोही शिकारच. म्हणजे "पकडला नाही ना, मग काय झालं" हे चालत नाही. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, एक लाखापर्यंत दंड. राष्ट्रीय उद्यानाच्या आत शिकार झाली तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. आता काशिमिरा, चेणे, घोडबंदर हा पट्टा कशाला लागून आहे ते सांगायला नको. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. हद्दीची भिंत सगळीकडे नाही, आणि सश्यामागे लागलेला कुत्रा पाट्या वाचत नाही. त्या दिवशी पट्टा चुकून सुटला, ठीक. पण उद्या तू मुद्दाम त्याच जागी नेऊन सोडलास, तर ती चूक राहत नाही.

दुसरी एक गोष्ट मला इनबॉक्समध्ये विचारली गेलीय, म्हणून इथेच. "बाजारातून पांढरा ससा आणून बंद जागेत सोडला तर? तो काय जंगली नाही." नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चा, त्यात स्पष्ट आहे: करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा गुन्हा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा पळणार कुठे? त्याला मारून तुझा कुत्रा काय शिकणार? कोपऱ्यात बसलेला प्राणी चावायचा एवढंच. मग सोसायटीतली मांजर आहेच.

झालं, उपदेश संपला. आता मजेची गोष्ट. त्या दिवशी बाजीने काय चुकीचं केलं? माझं उत्तर: काहीच नाही.

यूट्यूबवर सध्या इंग्लंडचे व्हिडिओ खूप फिरतात. लर्चर नावाचा कुत्रा, रात्री शेतात टॉर्च मारतात, ससा दिसतो, कुत्रा जातो, उचलून हातात आणून देतो. आमच्या या श्रोत्यानेही तेच पाहिले होते. लर्चर ही खरं तर जात नाही, तो मिश्रणाचा प्रकार आहे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखा धावणारा कुत्रा आणि मेंढ्या राखणारा कॉली किंवा टेरियर यांचं पिल्लू. धावण्याला थोडी अक्कल आणि थोडं ऐकणं जोडायचं, हा त्यामागचा हिशोब. आणि तिकडचा तो ससा आपला ससा नाही. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून घोळ होतो. तिकडचा छोटा ससा बिळात राहतो, कळपाने राहतो, पिकं खातो, आणि धोका दिसला की त्याला फक्त बिळापर्यंत पोचायचं असतं. तिथल्या २००४ च्या शिकार कायद्यातही जमिनीच्या मालकाची परवानगी असेल तर त्या बिळातल्या सश्याला सूट आहे. मोठ्या रानसश्याच्या मागे कुत्रे सोडणं मात्र तिथेही बंद झालं.

आपल्याकडे रानात बिळात राहणारा तो ससा नाहीच. आपला आहे तो मानेवर काळा डाग असलेला रानससा. बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाची खळगी करून बसतो. पिल्लंही डोळे उघडी आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, कारण लपायला घर नाही. याचा अर्थ काय होतो बघा. ज्याला पळून जायला बीळ नाही, त्याचं सगळं आयुष्य पायांवर आणि वळणांवर चालतं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे पळतानाही मागे कोण किती जवळ आलंय ते त्याला दिसतं. तो शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो आणि मग काटकोनात वळतो. दोन-तीन किलोचं अंग, वळायला जागा लागत नाही. मागे वीस-पंचवीस किलोचा कुत्रा पूर्ण वेगात. तो कसा वळणार? बुलेटने यू-टर्न आणि सायकलने यू-टर्न, एवढा फरक.

म्हणून बाजी सरळ गेला. वीस किलो वजन आणि नऊ महिन्यांचा अनुभव असलेला कुणीही सरळच गेला असता.

थोडं या कुत्र्याबद्दल. मीरा रोडमध्ये आता बरेच कारवानी दिसतात आणि निम्म्या लोकांना ते उपाशी ठेवलेले वाटतात. लिफ्टमध्ये मला स्वतःला एका काकूंनी झापलंय, "खायला घालत जा रे जरा." फासळ्या दिसणं, खोल छाती, वर ओढलेलं पोट, लांब निमुळतं तोंड, ही ठेवणच तशी आहे. लातूर, सोलापूर, सांगली आणि पलीकडे कर्नाटकातलं बागलकोट, या कोरड्या पट्ट्यातलं हे कुत्रं. गावात कारवान किंवा कारवानी म्हणतात, कानाला आणि शेपटीला झालर असलेल्याला पश्मी. नावांचा घोळ आजही आहे: केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. दोन क्लब, दोन नावं, कुत्रं तेच. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांची निगुतीने पैदास करवली आणि इंग्लंडच्या राजा पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली, असं सांगतात. २००५ मध्ये पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. मेरठला लष्कराच्या केंद्रातही मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण दिलं गेलं.

हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतं. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर पाहणाऱ्या पेशी आडव्या पट्टीत दाट असतात, त्यामुळे क्षितिजावर काही हललं की त्यांना लगेच कळतं. त्यात पळण्याची पद्धत अशी की एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा अंग आवळलेलं असताना, एकदा ताणलेलं असताना. स्लो मोशनमध्ये बघा कधीतरी, मोबाईलच्या कॅमेऱ्यातही दिसतं.

आता मुद्द्याचं. हललं की पळणं हे या कुत्र्याच्या रक्तात आहे. कुणी शिकवावं लागत नाही. पण पळणं आणि पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शिकारीचे टप्पे पाडतात: नजर लागणं, दबा धरणं, पाठलाग, धरणं, मारणं. कारवानीमध्ये पाठलागाचा टप्पा पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून धारदार केलेला. बाकीचं अनुभवाने येतं. ससा कुठे वळणार याचा अंदाज, शेवटच्या क्षणी वेग थोडा कमी करणं, वळणाचा आतला कोपरा धरणं. हे आईच्या पोटातून येत नाही.

याचं मला आवडणारं उदाहरण आपल्या कोल्हापूरचं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळायचे आणि त्यांच्याकडून काळवीट धरायचे. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले. आता चित्ता म्हणजे जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी. वाटेल, पिल्लू पाळून वाढवलं की झालं. पण चित्ते बाळगणाऱ्यांना जुन्या काळापासून पिल्लू नको असायचं. त्यांना रानात मोठा झालेला, आईबरोबर शिकार शिकलेला चित्ताच हवा असायचा. कारण घरात वाढलेला चित्ता धावायचा पण धरायला शिकलेला नसायचा. चित्त्याचं जर असं, तर बाजीला भित्रा ठरवणाऱ्या मामांना, आदर ठेवून, मी एवढंच विचारीन: गावाकडच्या त्या कुत्र्यांबरोबर जुनी, मुरलेली कुत्री पळत होती की नव्हती? पिल्लू शिकायचं ते तिच्या मागे पळून. ती लांबून वळणावर जाऊन उभी राहायची, पिल्लू सश्याला तिच्याकडे घेऊन यायचं. काशिमिऱ्यात चौथ्या मजल्यावर बाजीला कोण शिकवणार? सोसायटीचा वॉचमन?

शिवाय वय. नऊ महिने म्हणजे उंचीला पूर्ण दिसतो, पण हाडं पूर्ण नाहीत. लांब हाडांच्या टोकाला वाढीचे कोवळे भाग असतात, ते अशा अंगकाठीच्या कुत्र्यांत बारा ते अठरा महिन्यांपर्यंत भरत जातात. त्याआधी पूर्ण वेगात तीव्र वळण घ्यायला लावणं धोक्याचं. मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझी राणी दहा महिन्यांची असताना मी तिला मैदानात चेंडूमागे सोडत होतो, रोज, चाळीस-पन्नास वेळा, कारण व्हिडिओ छान येत होते. एका वळणावर पुढचा पाय मुरगळला. पुढचे तीन आठवडे तिला उचलून जिन्याने खाली-वर केलं, आणि लिफ्ट नेमकी त्याच महिन्यात बंद. चूक पूर्ण माझी. त्यामुळे बाजीबाबत पहिली गोष्ट: गादी पूर्ण भरेपर्यंत पळणं बंद. पट्ट्यावर चालणं, बस्स.

मग शिकवायचं काय? पाठलाग शिकवायचा, पण चिंधीचा. आणि पाठलागातून परत येणं शिकवायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दहापट महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

शिट्टी घ्या. साधी, क्रिकेटच्या पंचाची किंवा पीटीच्या सरांची असते ती. आवाजाने का नाही? कारण तुमचा आवाज घाबरलेला असला की कुत्र्याला कळतं, आणि कुत्रा सुटल्यावर तुमचा आवाज घाबरलेलाच असणार. शिट्टीला भीती नसते. पहिला आठवडा घरातच. शिट्टी वाजली की तोंडात काहीतरी भारी पडतं. उकडलेलं चिकन, कलेजीचा तुकडा, सुका जवळा चालतो. बिस्किट नको, बिस्किट रोजचं आहे. कुत्रा दुसऱ्या खोलीत असताना, झोपलेला असताना, खिडकीत कबुतर बघत असताना. शिट्टी, तुकडा. त्यात आज्ञा नाही, ओरडणं नाही. मग जिन्यात, मग सोसायटीच्या आवारात, मग मैदानात लांब दोरीवर. दोरी दहा मीटरची असली तर छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला बांधा. गळ्याला कधीही नाही. पूर्ण वेगात दोरीच्या टोकाला हिसका बसला तर मान जाऊ शकते. आणि दोरी हाताला गुंडाळू नका. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर अजून वळ आहे.

एक नियम मोडायचा नाही: शिट्टीवर आलेल्या कुत्र्याला रागवायचं नाही. दोन तासांनी आला तरी नाही. त्या दिवशी बाजी परत आला तेव्हा आमच्या श्रोत्याने त्याला दोन ठेवून दिल्या, त्याने स्वतःच सांगितलं. मी समजू शकतो, दोन तास जीव टांगणीला लागलेला असतो. पण बाजीला काय कळलं? सश्यामागे गेल्याबद्दल मार बसला असं नाही. परत आल्याबद्दल बसला.

आता चिंधी. पाच-सहा फुटांचा बांबू किंवा हलका पाईप, टोकाला तेवढीच दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या साडीची किंवा पोत्याची चिंधी. तयार पण मिळतं, पण शंभर रुपयांच्या आत घरी होतं. चिंधी जमिनीवरून सरपटवायची, हवेत उडवायची नाही, कारण उड्यांनी गुडघे आणि पाठ खराब होते. बाजी बसला असताना चिंधी स्थिर. 'चल' म्हटलं की चिंधी पळते. सुरुवातीला सरळ रेषेत, मोठ्या गोलात. महिन्याभराने, आणि वयाने थोडा मोठा झाल्यावर, हलकी वळणं. इथे मजा बघायला मिळते. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वळणावर पुढे निघून जातो, अगदी त्या सश्यासारखंच फसतो. दहा-पंधरा दिवसांत तो वळणाआधी वेग कमी करायला लागतो. मग एक दिवस तो चिंधीच्या मागे न जाता चिंधी जिथे येणार तिथे जातो. राणीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी टर्फवर एकटाच ओरडलो होतो.

आणि चिंधी पकडू द्यायची! ही चूक खूप जण करतात. कुत्र्याला नुसतं पळवत ठेवतात, हाती काही लागू देत नाहीत. मग तो वैतागतो किंवा नाद सोडतो, किंवा दोरीच पकडतो. चारातून एकदा तरी पकडू दे, थोडं हलवू दे, मग 'सोड' म्हणून चिकनच्या तुकड्याशी अदलाबदल. 'सोड' हा शब्द ज्याला येतो त्या कुत्र्याच्या तोंडातून उद्या मांजरीचं पिल्लू, कोंबडीचं हाड, रस्त्यावरचं औषध घातलेलं काहीही काढून घेता येतं. खेळ पाच मिनिटांचा, आठवड्यात दोन-तीनदा. रोज नाही. चिंधी संपली की कपाटात बंद, ती त्याचं खेळणं नाही.

जेव्हा हे जमतं, तेव्हा दोन्ही जोडायचं. चिंधी पळतेय, कुत्रा मागे निघालाय, शिट्टी. चिंधी त्याच क्षणी थांबवायची, मेल्यासारखी. कुत्रा गोंधळतो, वळून बघतो, येतो. आला की आधी तुकडा आणि मग परत चिंधी सुरू. त्याला कळतं, शिट्टीवर गेलं म्हणजे खेळ संपत नाही, पुन्हा मिळतो. काही जण म्हणतात, चिंधीने पळण्याची भूक वाढते, नकोच ते. थोडं खरं आहे. नियम नसतील तर वाढतेच. पण ज्या कुत्र्याला धावण्यासाठीच घडवलंय त्याला पाचशे स्क्वेअर फुटांत आयुष्यभर बसवून ती भूक कमी होत नाही, ती फक्त सोफ्यावर निघते.

परदेशात याचाच मोठा खेळ आहे. मैदानात कप्प्यांमधून दोरी फिरवतात, मोटरने ओढतात, टोकाला प्लास्टिकची पांढरी पिशवी. ससा नाही, रक्त नाही, नुसती पिशवी, आणि कुत्रे वेडे होतात. तिथे एक वर्षाच्या आतल्या कुत्र्याला स्पर्धेत घेत नाहीत. घरी जुगाड करायचा मोह होईल, पण वेगाने फिरणारी दोरी कुत्र्याच्या पायाला चाटली तर कातडी जाते. माहितगार माणूस नसेल तर बांबूच बरा.

जागा कुठे? आपल्याकडे खरा प्रश्न हाच. मला दोन जागा पटतात. एक, बॉक्स क्रिकेटचे टर्फ. मीरा रोड-भाईंदरला गल्लोगल्ली झालेत, चारी बाजूंनी जाळी, आणि पहाटे साडेपाच-सहाला बहुतेक रिकामे. मालकाशी बोला, पैसे द्या, घाण स्वतः उचला. दुपारी नाही, ते प्लास्टिकचं गवत तव्यासारखं तापतं. दुसरी, उत्तनच्या बाजूचा किनारा, ओहोटीला, जिथे वाळू ओली आणि घट्ट असते. पण तिथे आधी पायी फिरून बघा. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या मांडण्या, पसरलेली जाळी, ते लोकांचं पोट आहे. कुत्र्याने एका रांगेचे बोंबील खाल्ले तर भांडण तुमचंच आहे आणि तुम्हीच चुकलेले आहात. खारफुटीत आणि मिठागरांत नको. चिखल, काचा, आणि पावसात लेप्टोची भीती. लेप्टोची लस कुत्र्याला मिळते, रेबीजबरोबर तीही घेतलीय का ते कार्ड काढून बघा.

आणि चेण्याची वाट, उद्यानाच्या कडेची, तिथे पहाटे आणि तिन्हीसांजेला पट्ट्यावरसुद्धा मी जाणार नाही. बिबट्या. संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांच्या आहाराचे अभ्यास झालेत आणि त्यांत कुत्र्यांचा वाटा मोठा निघालाय. आपण बाजीला सश्याच्या मागे बघतो. त्याच गवतात दुसरं कुणीतरी बाजीकडे बघत असतं. दोन तास तो कुठे होता हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि तो परत आला ही नशिबाची गोष्ट आहे.

अजून एक, उकाडा. या कुत्र्यांच्या अंगावर केस कमी, म्हणून लोकांना वाटतं ऊन सोसतं. जतचं ऊन कोरडं. आपल्याकडे हवेत पाणी. कुत्रा धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवून थंड होतो आणि दमट हवेत ते पाणी उडतच नाही. एप्रिल-मे-ऑक्टोबरमध्ये सकाळी आठनंतर पळवणं बंद. जीभ लांब आणि रुंद लोंबतेय, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल किंवा फिक्या, पाय अडखळतायत, तर लगेच सावली, आणि नळाचं साधं पाणी सगळ्या अंगावर, पोटाखाली, मांड्यांत, वर वारा. आधी थंड करा, मग रिक्षा पकडून डॉक्टरकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता कोंडतो.

हा सगळा भाग मी त्या श्रोत्याला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितला होता, रेकॉर्डिंगच्या दोन महिने आधी. तो पहिल्यांदा नाराज झाला. "म्हणजे चिंध्या पकडायच्या का दादा आम्ही?" म्हणाला. मग पंधरा दिवस काही नाही. मग एक व्हिडिओ आला, टर्फवरचा, अंधुक. बाजी चिंधीमागे, एक वळण, पुढे गेला. दुसरं वळण, पुढे गेला. तिसऱ्याला मागचे पाय खाली दाबून आत वळला आणि चिंधी त्याच्या तोंडात. मागे हसण्याचा आवाज.

मामा गणपतीला आले होते म्हणे. पहाटे त्यांनाही टर्फवर नेलं. मामांनी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "तासाचे किती घेतात इथे?" आकडा ऐकून म्हणाले, एवढ्यात गावाकडे एक शेळी येते. पण बांबू हातातून काढून घेतला आणि उरलेली दहा मिनिटं स्वतः चिंधी फिरवली. परत पाठवायचा विषय निघाला नाही.

शिट्टीचं काय, मी विचारलं. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या गेटवर मांजर आडवी गेली, बाजी पट्ट्यासकट सुटला. पहिल्या शिट्टीला कान हलले. दुसरीला वेग कमी झाला. तिसरीला वळला. रिक्षा स्टँडपर्यंत पोचला होता तोवर. त्याने यावेळी मारलं नाही, खिशात काही नव्हतं म्हणून स्टँडवरच्या गाडीवरून उकडलेलं अंडं घेऊन दिलं.

पुढच्या भागात गोचीड आणि गोचीडताप, कारण पाऊस संपला की सगळ्यांचे मेसेज त्याचेच असतात. तोपर्यंत कुत्र्यांच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आत बघून ठेवा, आणि काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा. फोटो नको, मी जेवताना मेसेज बघतो.